अडकलेला ब्लीड निपल
क्लच पूर्ण सुटत नाही आणि गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही, एवढीच तक्रार घेऊन ती मोटारसायकल माझ्याकडे आली होती. तिचा क्लच केबलवर नव्हे, द्रवाच्या दाबावर चालणारा होता. लिव्हरपाशी हा दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरचे झाकण उघडले, तर आतला तो द्रव, म्हणजे डॉट ४ फ्लुइड, गडद तपकिरी झालेला दिसला. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते आणि म्हणूनच साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. जुने फ्लुइड काढायचे, नवे भरायचे आणि हवा सोडायची, तासाभराचे काम, असे समजून मी खालच्या, म्हणजे त्या दाबाने इंजिनापाशी क्लच सोडवणाऱ्या, स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीड निपलला (हवा सोडायच्या पोकळ स्क्रूला) हात घातला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशीच राहिलो.

निपलवरची रबरी टोपी कधीतरी पडून गेली होती, त्यामुळे रस्त्यावरचे पाणी आणि चिखल थेट आट्यांपर्यंत पोचला होता. निपल पोलादी आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचा असल्यामुळे, या दोन धातूंच्या मध्ये पाणी साचले की ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन त्याची पांढरी भुकटी आट्यांत दगडासारखी बसते. त्यात भर म्हणजे आधीच्या कुणीतरी उघडा पाना लावून षटकोनी डोक्याचे दोन कोपरे गोल करून ठेवले होते.

मी ८ मिलिमीटरची सहा कोनी गोटी (सॉकेट) ठोकून बसवली, आधी किंचित आवळण्याचा आणि मग सोडण्याचा प्रयत्न केला. निपल फिरल्यासारखा वाटला, पण हात सैल करताच तो जागेवर परत आला, म्हणजे आटे हलले नव्हते, निपलच पिळला जात होता. "दादा, पान्याला पाइप लावून जोर देऊ का?" असे माझ्या मदतनीसाने विचारले आणि मी त्याचा हात धरला. निपल आतून पोकळ असतो आणि असा जोर लावला की तो डोक्याखालीच तुटतो. मग ड्रिल मारून उरलेला तुकडा काढताना अख्खा सिलिंडर वाया जाण्याची भीती असते.

स्लेव्ह सिलिंडर इंजिनापासून सोडवायचे ठरवले. पाइप मात्र लगेच उघडला नाही. लिव्हर हळूहळू दाबत फ्लुइडच्या दाबानेच पिस्टन बाहेर आणला आणि नंतरच पाइप सिलिंडरला जोडणारा पोकळ बँजो बोल्ट सैल केला. हा क्रम चुकला की आत बसलेला पिस्टन काढणे हे वेगळेच दुखणे होऊन बसते. सील आणि स्प्रिंग बाजूला ठेवली, सिलिंडर पाण्याने धुऊन पुरता वाळवला. फ्लुइड पेट घेऊ शकते, रबराला उष्णता सोसत नाही आणि गंज सोडवणाऱ्या तेलाने या जातीचे रबर फुगते, त्यामुळे हे सगळे बाहेर निघाल्याशिवाय पुढे जाणे मला मान्य नव्हते.

निपलच्या भोकात नेमका बसणारा ड्रिलचा दांडा घातला, म्हणजे पकड घेताना तो चेपणार नाही, आणि त्यावर हातोडीने हलके ठोके दिले. मग हीट गनने निपल नव्हे, तर त्याच्या भोवतीचा ॲल्युमिनियम तापवला, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. तापवणे, थोडे निवू देणे, तेलाचा थेंब सोडणे, पुन्हा ठोके, असे तीन वेळा केले तरी काही झाले नाही. चौथ्या वेळी 'कट्' असा आवाज आला आणि माझा श्वास अडकला, कारण तुटताना येणारा आवाजही काहीसा असाच असतो. फरक हाताला कळतो. तुटलेला निपल एकदम हलका होतो आणि सुटलेला तितकाच जड राहून केसभर सरकतो. हा सरकला होता. पाव फेरा पुढे, पाव मागे, असे करत तो बाहेर काढला, तेव्हा आट्यांतून करड्या रंगाची पेस्ट निघत होती.

आटे टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून साफ केले आणि तळाची शंकूच्या आकाराची बैठक टॉर्चच्या उजेडात नीट तपासली, कारण गळती आटे नव्हे, ती बैठक रोखते. ती शाबूत होती. तेलाचा अंशही राहू नये म्हणून सिलिंडर पुन्हा स्वच्छ केला. नवा निपल, नवे सील आणि बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालून जोडणी केली. मदतनीस लिव्हर दाबून धरायचा, मी निपल उघडून बंद करायचो, मग तो लिव्हर सोडायचा. बुडबुडे थांबले, लिव्हर भरीव लागू लागला, न्यूट्रल एका टोच्यात सापडले आणि अखेर मी निपलवर नवी रबरी टोपी दाबून बसवली.