कातडीचे न्यूरॉन

नाळेच्या रक्ताची पिशवी रात्री दोनला आली की झोप विसरायची. फायकॉल या दाट द्रावणावर रक्त इतकं हळू सोडायचं की थर मिसळता कामा नयेत, आणि सेंट्रिफ्यूजला ब्रेक लावायचा नाही, तो आपणहून थांबू द्यायचा. मग मधोमध पेशींचं धुरकट पांढरं कडं दिसतं, तेवढंच पिपेटने ओढून घ्यायचं. आमच्या लॅबमध्ये ते माझ्याइतकं स्वच्छ कुणी काढत नाही. एवढं करूनही कित्येक पिशव्यांतून तळाला चिकटून वाढणाऱ्या मूळपेशी उगवतच नाहीत. रक्त थोडं असेल किंवा पिशवी उशिरा पोचली असेल, तर आशाच सोडा.

त्या वेळी उगवल्या. त्यांचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, करायला सरांच्या प्रोटोकॉलप्रमाणे सीरम (पेशींना पोसणारा रक्तद्रव) काढलं, डीएमएसओ आणि बीएचए ही रसायनं घातली. पाच तासांत पसरट पेशी आक्रसल्या आणि त्यांना लांबच लांब तंतू फुटले. हुबेहूब न्यूरॉन! सरांनी अख्खा मजला गोळा केला, फोटो काढले.

त्यांना न विचारता मी तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, एक फ्लास्क जादा लावला होता. त्यात साधे फायब्रोब्लास्ट, म्हणजे कातडीच्या पेशी, औषध तेच. संध्याकाळी बघते तर तेही 'न्यूरॉन' झालेले. 2004 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी नेमकं हेच छापलं होतं. पेशीचा आतला सांगाडा कोसळतो, अंग आक्रसतं, तळाला चिकटलेली टोकं तेवढी जागच्या जागी राहतात आणि तंतू फुटल्यासारखं दिसतं. नुसतं मीठ वाढवलं तरी हे होतं. न्यूरॉन ओळखायला लावतात ते मार्करचे रंगही फसवतात. खात्री करायची तर पॅच क्लॅम्प, म्हणजे पेशीला टेकवायची बारीक काचनळी, लावून विजेचा स्पंद निघतो का ते बघावं लागतं. आमच्याकडे ते यंत्र नाही, आणि मागवायची कुणाला घाईही नाही.

"कंट्रोल लावायला कुणी सांगितलं?" एवढंच सर म्हणाले.

त्याआधी दुपारी एक गृहस्थ येऊन गेले होते. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेने हालचालींवर ताबा नाही, नाळरक्त खाजगी बँकेत ठेवलेलं, दरवर्षी पैसे भरताहेत. सरांनी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने अशा 63 मुलांना त्यांचंच नाळरक्त दिलं होतं. 2017 साली निकाल आला, दिखाऊ औषधाशी एकूण तुलनेत फरक दिसला नाही. जास्त मात्रा मिळालेल्या मुलांत थोडी सुधारणा होती, पण पेशी मेंदूत जाऊन न्यूरॉन बनल्या असं त्यांनीही म्हटलेलं नाही. हे सगळं मला पाठ होतं.

"मॅडम, या मेंदूच्याच पेशी ना?"

"दिसतात तशा," मी म्हटलं.

त्यांनी आयपीसला मोबाइल लावून फोटो घेतला. हात थरथरत होता, म्हणून दुसरा मीच काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सीरम परत घातल्यावर जगलेल्या पेशी पुन्हा पसरट झाल्या. व्हिजिटर रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर आहे. दोनदा ते पान उघडलं. फोन करून सुरुवात कुठून करू, कातडीपासून?