आमची वाटचाल : लेकरांची घरं सजवताना

२०१० च्या मे महिन्यात आम्ही घरसजावटीचं पहिलं स्वतंत्र काम घेतलं. गोव्यात फोंड्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, ओळखीतलं जोडपं, पदरात दीड वर्षाचा मुलगा. माझे सासरे पिढीजात सुतार. देवळाची दारं, लग्नातले पलंग, देव्हारे, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. नवरा त्यांच्याच हाताखाली रंधा धरायला शिकला आणि मी एका आर्किटेक्टकडे सात वर्षं नकाशे काढत होते. भांडवल म्हणजे घराच्या पडवीत मांडलेला कटर, दोन कारागीर आणि सासऱ्यांचं नाव.

किचन पांढरंशुभ्र, चकचकीत लॅमिनेटचं केलं. गणेशपूजनाला आलेल्या प्रत्येकाने पाहून वाखाणलं. ऑगस्टच्या मध्यावर त्या घरच्या वहिनींचा फोन आला, ‘सिंकखालचं दार लागत नाही.’ जाऊन बघते तर दार खालच्या बाजूने टम्म फुगलेलं, कडेची पट्टी सुटलेली, आणि मुलगा तिथेच फतकल मारून ती पट्टी ओढून ओढून सोलत होता. तोंडात लाकडाचा भुसा. त्या दिवशीची माझी अवस्था अजून आठवते.

प्लायवर शिक्का होता आयएस (भारतीय मानक) ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा. आत निघाला साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट), आयएस ३०३ चा माल. दोन्हींत खरा फरक गोंदाचा असतो. एमआरमध्ये युरियाचा गोंद, तो नुसती दमट हवा कशीबशी सोसतो, पण पाणी मुरलं की सुटतो. मरीनमध्ये फिनॉलचा, तो उकळत्या पाण्यातही थर सोडत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे सिंकखाली एमआर वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. दुकानदाराने हात वर केले. सासरे एवढंच म्हणाले, ‘आधी दारं बदला, पैशांचं मागनं बघू.’ सगळी खालची कपाटं पदरमोड करून नवी केली. ते कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एक जुनी काळी देगची ठेवली आहे. प्लायचा नवा लॉट आला की कुठल्याही एका शीटचा वीतभर तुकडा कापायचा, देगचीत पाणी घालून चुलीवर चढवायचा, तरंगू नये म्हणून वर चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा ठेवायचा. सकाळी चढवलेला तुकडा संध्याकाळी काढतो, गार झाला की कडेला नख घालून बघतो. प्रमाणित चाचणी ७२ तास उकळण्याची आहे, पण खोटा माल ओळखायला तेवढा वेळ लागत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंतच त्याचे पापुद्रे सुटू लागतात. या देगचीमुळे आम्ही तीन वेळा अख्खा टेम्पो परत पाठवला आहे.

दुसरा धडा आमच्याच घरात मिळाला. २०१३ साली माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. बेडरूममध्ये पाच ड्रॉवरचं उभं कपाट होतं, आम्हीच केलेलं, सागाच्या पट्ट्यांचं, देखणं. त्याने खालचे तीन ड्रॉवर बाहेर ओढले आणि शिडीसारखा वर चढला. कपाट पुढे कलंडलं आणि समोरच्या पलंगाच्या कठड्यावर अडकलं. पलंग हातभर दूर असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही. उघड्या ड्रॉवरचं वजन पुढे येतं, त्यात मुलाचं वजन पडलं की जड कपाटही पुढे येतं. हे मला माहीत असायला हवं होतं.

आता आमच्या हातून निघणारं कंबरेपेक्षा उंच असं एकही कपाट भिंतीला जखडल्याशिवाय उभं राहत नाही. गोव्यात यातही मेख आहे. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. ड्रिल मारलं की भोक मोठं होतं आणि साधा रावल प्लग आतल्या आत फिरत राहतो. आमचे मेस्त, म्हणजे कारागीर, भोक ब्रशने साफ करतात, पाणी मारतात, सिमेंट भरून त्यात लांब बोल्ट बसवतात आणि दोन दिवस कपाटाला हात लावू देत नाहीत. गिऱ्हाइकाला घाई असते. आम्ही थांबायला सांगतो.

त्या प्रसंगानंतर माझी काम करायची पद्धतच बदलली. पहिल्या भेटीत मी टेप बाहेर काढत नाही. घरात बसते आणि आईबाबा मुलाला किती वेळा ‘नको’, ‘हात लावू नको’, ‘तिथे चढू नको’ म्हणतात ते ऐकते. काचेचं टीपॉय, टोकदार ग्रॅनाईट, पांढरा सोफा, खालच्या फळीवरचे चिनीमातीचे हत्ती, यांतलं जे जे ‘नको’ला कारण होतं ते माझ्या वहीत येतं. घर देखणं असावं याचा मला मनापासून ध्यास आहे. पण मुलाने हात लावला की बिघडणारं देखणेपण ज्या घरात मूल आहे तिथे टिकत नाही, आणि तोवर मुलाला ओरडा बसत राहतो.

म्हणून ओट्याच्या आणि टेबलांच्या कडा आम्ही गोल करून घेतो, लॅमिनेट मॅट निवडतो, भिंतीला चार फुटांपर्यंत धुता येईल असा रंग लावतो. सोफ्याला रेक्झिन नको म्हणतो. आपल्या हवेत ते पाठीला चिकटतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात. जाड सुती कव्हर, चेन लावून काढता येणारं, हेच बरं. हायड्रॉलिक बॉक्स-पलंग मुलांच्या खोलीत आम्ही करतच नाही. बोटं सापडतात, आणि आत कोंडलेल्या गाद्यांना बुरशी येते. दाराशी रेनकोट अडकवायला मुलाच्या हाताला येतील अशा अडीच-तीन फुटांवर खुंट्या, खाली ओल्या चपलांसाठी जाळीची फळी. शाळेचा ओला गणवेश रात्रीत वाळवायचा असतो, हे जुलैमध्ये ज्या आईने अनुभवलं आहे तिला छताला ओढून घ्यायच्या दांड्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही.

खिडकीपाशी बसायची बैठक हल्ली सगळ्यांना हवी असते. आपल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, सोपे म्हणजे बांधीव बैठका असायच्या, मुलं संध्याकाळी तिथेच पाढे म्हणायची, त्यामुळे ही हौस मला आपलीच वाटते. पण सोपो जमिनीलगतच्या घरात असतो आणि फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बैठक म्हणजे मुलाला खिडकीवर चढायची पायरीच. गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी असेल असं ग्रिल आधी बसतं, मग बैठक. एका गिऱ्हाइकाने समुद्राच्या देखाव्यासाठी ग्रिल नाकारलं, तेव्हा आम्ही ते काम सोडलं. त्या वर्षी कामं कमी होती, तरीही.

पर्वरीच्या एका फ्लॅटमधली आठवण सांगायलाच हवी. हॉलचं फॉल्स सीलिंग आखून झालं होतं, दिव्यांच्या जागा ठरल्या होत्या. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आजींनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘बाय गो, माटोळी खंय बांदची?’ मी गप्प झाले. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायची, तिला नारळांचे घोस, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंजन, आंबाडे. चौकटीसकट वीस-पंचवीस किलो सहज भरतं. जिप्समच्या सीलिंगला ते कसं पेलणार? सगळा आराखडा पुन्हा काढला. वरच्या स्लॅबमध्येच चार अँकर बोल्ट घेतले, त्यांचे हूक सीलिंगमधून खाली काढले, आणि एरवी त्यावर मुलांचा झोपाळा टांगायची सोय केली, पण त्याचं वजन आणि हेलकावा धरून बोल्ट मोठे घेतले. नातवंडं वर्षभर झोके घेतात, चवथीच्या आदल्या दिवशी झोपाळा उतरतो आणि कुम्याच्या सालीच्या दोरांनी माटोळी चढते. आता गोव्यातल्या प्रत्येक हिंदू घरात पहिला प्रश्न आम्हीच विचारतो, गणपती कुठे बसतो?

डिचोलीचं जुनं घर हे आमचं सगळ्यात मोठं काम. राजांगण (घराच्या मधला चौक), तांबडी गुळगुळीत जमीन, फणसाच्या लाकडाचे खांब. मालकांना टाईल्स हव्या होत्या. मी महिनाभर विनवण्या केल्या. तांबडी जमीन रांगत्या मुलाला गार, गुळगुळीत, पुसायला सोपी. शेवटी ती राहिली, फक्त भेगा भरून पुन्हा घोटून घेतली. दारांवर मात्र ऑइलपेंटचे थरावर थर होते. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दशलक्षात ९० भाग) मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि कोरडं घासलं की ती धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. आम्ही मुलांना पंधरा दिवस आजोळी पाठवायला लावलं, पाणी मारून ओलंच घासलं, रोज संध्याकाळी जमीन ओल्या फडक्याने पुसून घेतली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय कारागीर गावी गेले, वर्कशॉप बंद. त्या काळात सासऱ्यांनी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, नातवाला रंधा धरायला शिकवला. आता आम्ही अकराजण आहोत. पडवीतून फोंड्याबाहेरच्या शेडमध्ये आलो. सासरे आता नाहीत, देगची आहे.

गेल्या महिन्यात पहिल्या घरच्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या धाकट्या मुलीसाठी २०१८ मध्ये आम्ही अभ्यासाचं टेबल केलं होतं, पायांना वर-खाली जादा भोकं ठेवून. मुलगी आता सातवीत, गुडघे फळीला लागू लागले होते. मेस्तांनी चार बोल्ट काढले, फळी वरच्या भोकांत बसवली, मुलीला बसवून कोपर टेकतं का बघितलं. अर्ध्या तासाचं काम. वर अजून दोन भोकं शिल्लक आहेत. निघताना मी सिंकखालचं दार उघडून पाहिलं, नीट लागत होतं.