आवडती संख्या? ४११०३०

मी गणित शिकवतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "सर, तुमची आवडती संख्या कोणती?" उत्तर १७२९ येणार, फार तर ६१७४, अशी एखादी गणितातली नावाजलेली संख्या ऐकायची त्यांची तयारी असते. मी सांगतो, ४११०३०. पुणेकर असेल तर क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "अहो, हा तर सदाशिव पेठेचा पिन कोड!"

तोच. १९७२ साली पिन कोड सुरू झाले तेव्हा अवयव बघून काही कुणी वाटले नव्हते, म्हणून तर मजा. शेवटी शून्य, म्हणजे १० ने भाग जाणार. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ नेही जाणार. दोन्हींनी भागून टाका, उरतात ४५६७. चार, पाच, सहा, सात, रांगेत! वर ही मूळ संख्या. पटत नसेल तर ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा. ६८ चा वर्ग ४५६७ च्या पुढे जातो, त्यामुळे तिथे थांबता येतं. सगळे मिळून १९ भागाकार, पहिले काही तर तोंडीच होतात.

आता यातल्या दोन गोष्टींची जात वेगळी आहे. ४५६७ मूळ आहे, हे ती कशीही लिहिली तरी बदलत नाही. अंकांची रांग मात्र दशमान पद्धतीची करामत. द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहा, मोडली रांग. सोवळे गणिती असल्या करामतींना नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, आणि त्याला कारण द. रा. कापरेकर.

कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ मध्ये गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, पुढे देवळालीला शाळेत शिकवलं आणि जन्मभर अंकांशी खेळले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटलं. ४११०३० हर्षद आहे (यात फारसं शौर्य नाही, बेरीज ९ आली की ९ ने भाग जातोच). मला त्यांचा दुसरा खेळ जास्त आवडतो. कुठलीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. अशा रीतीने जी कुठूनच मिळत नाही, ती स्वयंभू.

सदाशिव पेठ स्वयंभू नाही. ४११०२१ मध्ये ९ मिळवले की ती येते, आणि ४११०२१ म्हणजे पाषाण. हे पेठेत बोलायची सोय नाही.

खडकीपासूनच निघा ना. ४११००३, बेरीज ९, आलं ४११०१२, दापोडी. आणखी ९, पाषाण. आणखी ९, सदाशिव पेठ. आणखी ९, ४११०३९, भोसरी. इथे बेरीज १८ होते, उडी दुप्पट पडते आणि आपण थेट ४११०५७ वर, म्हणजे हिंजवडीत. पुण्याच्या बससेवेने, पीएमपीएमएलने, हा मार्ग काढलाच, तर पहिलं तिकीट माझं.