चेतकचं हेड, कानस आणि पसरणीचा घाट

एअर-कूल्ड, म्हणजे हवेने गार होणारं इंजिन घाटात तापतंय म्हटलं, की सल्ला द्यायला लोक तयारच असतात. ऑइल बदला. हेडच (सिलेंडरचं वरचं झाकण) नवीन टाका. नाहीतर विकून टाका आणि फोर-स्ट्रोक घ्या. हे तिन्ही सल्ले मला वाईत एकाच चहाच्या टपरीवर मिळाले, आणि देणाऱ्यांपैकी एकानेही इंजिनाकडे वाकून पाहिलं नव्हतं.

गाडी म्हणजे बजाजची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर. ५७ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा व्यास), तेवढाच स्ट्रोक (पिस्टनची धाव), १४५ सीसी. सकाळी वाईहून पाचगणीला कामावर, संध्याकाळी खाली. मधे पसरणीचा घाट. गावात फिरवा, मेणवलीला न्या, सुरूर फाट्यापर्यंत पळवा, तिची काही तक्रार नाही. घाटात निम्म्याच्या वर गेलं की आवाज बदलायचा. आधी बारीक ठणठण, मग ओढ कमी, आणि पाचगणीत पोचून बंद केली तरी दोन-चार ठोके मारल्याशिवाय थांबायची नाही. बंद केल्यावरही ठोके पडतात म्हणजे ठिणगीविना पेट्रोल पेटतंय. म्हणजे आत कार्बनचा खडा, नाहीतर एखादी धारदार कड लाल होऊन बसलीय.

हेडला हात लावण्याआधी स्वस्तातली कारणं निकालात काढावीत. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, अर्धवट तुंबला किंवा कुठून फुकटची हवा आत येत असली तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे सरकलं असेल तरी तेच. सायलेन्सर कार्बनने भरलेला असेल तरी तेच. हे सगळं आमच्या मेस्त्रींनी एका दुपारी तपासून दिलं. म्हणाले, "भाऊ, यात काय नाही. आता हेड बघा, नाहीतर मला इकडंच ठेवून जावा." मी बघायचं ठरवलं.

चेतकला बुलेटसारखी समोरची हवा लागत नाही. इंजिन उजव्या बाजूच्या डिकीखाली झाकलेलं. म्हणून मॅग्नेटच्या चाकालाच पात्या ओतलेल्या असतात. चाक फिरलं की पंखा फिरतो, आणि ती हवा एका कव्हरमधून सिलेंडर आणि हेडच्या फिन्सवरून, म्हणजे गार होण्यासाठी बाहेर काढलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून, ढकलली जाते. लोकांचं लक्ष फिन्सवर असतं, पण त्या कव्हरवर कुणाचंच नसतं. माझ्या कव्हरचा एक स्क्रू गायब होता आणि एक कोपरा बोटभर वर उचलला होता. हवेला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने जात नाही. पंख्याची बरीचशी हवा त्या फटीतून बाहेर पडत होती, आणि दोन फिन्सच्या मधे जे अरुंद बोळ असतात, तिथे जेमतेम पोचत होती.

ही गोष्ट विमानवाल्यांना फार आधी कळली. १९२०च्या दशकात विमानांची रेडियल (गोलाकार मांडलेल्या सिलेंडरांची) इंजिनं उघडीच ठेवायचे, कारण उघड्यावर जास्त वारा लागणार असं साधं गणित. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या 'नाका' या विमान-संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या लँग्ली प्रयोगशाळेत फ्रेड विक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अख्खं इंजिन कव्हरने झाकून दाखवलं. विमानाला होणारा हवेचा अडथळा खूप कमी झाला आणि इंजिनही थंड राहिलं. इंजिन झाकूनही ते थंड राहतं, फक्त आतली हवा सिलेंडरला घासूनच बाहेर पडली पाहिजे. त्या कामाला १९२९ सालचा कोलियर हा विमानक्षेत्रातला पुरस्कार मिळाला. फोक्सवॅगनच्या बीटलचीही अशीच गंमत. तिचा ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरमध्ये नेमका तिसऱ्या सिलेंडरच्या हवेच्या वाटेत उभा होता, त्यामुळे तो सिलेंडर बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापायचा. १९७१च्या मॉडेलपासून कूलर तिथून हलवून त्याला वेगळी वाट दिली. सिलेंडर तेच राहिले, वारा तेवढा वाटून दिला.

तर कव्हर सरळ केलं, स्क्रू आणला, पंख्याच्या पात्यांमधला चिखल काढला. हे पाऊण तासाचं काम होतं, आणि एकूण फायद्यातला मोठा वाटा याचाच असावा असं माझं मत आहे. पण हेड बघायचं ठरवलंच होतं, तर पुढे गेलो.

हेडचे चार नट इंजिन पूर्ण गार असतानाच, समोरासमोरचे थोडे थोडे करून सोडावेत. एकाच बाजूने भरभर सोडले तर हेड वाकू शकतं. माझं हेड निघालं तेव्हा बाहेरून लाल माती आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) मिळून एक पपडी झालेली. स्पार्क प्लगच्या भोवती, जिथे हवा सगळ्यात जास्त हवी, तिथे बोळ पूर्ण बुजलेले. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं, सकाळी बांबूच्या चिपेने आणि जुन्या टूथब्रशने काढलं. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. कुणीतरी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायला सांगेल. लोखंडाला ते चालतं. अ‍ॅल्युमिनियम मात्र कॉस्टिक सोडा खातो, आणि त्यातून हायड्रोजन निघतो. तेल-मातीबरोबर तुमचं हेडही विरघळायला लागेल.

पपडी निघाली तेव्हा खरी गोष्ट दिसली. फिन्सच्या मुळाशी, दोन फिन्सच्या मधे, धातूचे पातळ पापुद्रे होते. घाण नाही, अ‍ॅल्युमिनियमच. शेजारचे तात्या कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत आयुष्यभर काम करून आलेत. त्यांनी हेड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "ह्याचं फेटलिंगच नीट केलेलं नाही." साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे पातळ फट राहते, ओतताना धातू तीत शिरतो आणि पापुद्रा होऊन बसतो. ओतकाम झाल्यावर हे पापुद्रे छिन्नीने, कानशीने काढायचं काम म्हणजे फेटलिंग. बाहेरून दिसणारे काढतात. आतल्या बोळातले, जिथे कानस जात नाही, ते राहतात. "दर हेडला एवढा वेळ कोण देणार?" तात्यांचं म्हणणं. त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, उलट थोडा अभिमानाचाच वाटला. त्यांच्या हाताखाली असं झालं नसतं असं काहीसं.

हे पापुद्रे वाईट का? फिन ही उष्णतेची वाट आहे. उष्णता मुळातून टोकाकडे जाते आणि वाटेत दोन्ही बाजूंनी हवेला दिली जाते. दोन फिन्समधला बोळ बुजला की त्या दोन्ही बाजू निकामी. वरून फिन पूर्ण दिसते, पण निम्मी फिन नुसती दिसायला असते. आणि पापुद्रे असतात मुळाशी, जिथे धातू सर्वात गरम. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी, दोनशे अंशांच्या पुढेच घटायला लागते.

मग कानस. साधी चपटी कानस आत जात नाही. घड्याळवाले वापरतात तशा बारीक कानशींचा सेट घेतला, आणि हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी ग्राइंडरवर पातळ करून, एका टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून त्याची करवत केली. अ‍ॅल्युमिनियम कानशीच्या दातांत चिकटून बसतं आणि मग कानस कापायचं सोडून ओरखडे काढते. त्यावर शाळेतला खडू. कानशीवर खडू घासा, चार हात मारा, ब्रशने झाडा, परत खडू. प्लगच्या आट्यांमध्ये कापडाचा बोळा कोंबून ठेवा. फिनचा धातू कमी करायचा नाही, फक्त पापुद्रा काढायचा. फिनच्या मुळाशी जी गोलाई असते तिला हात लावू नका; तिथे खाच पडली तर तडा तिथूनच जाणार. बॅटरी मागून धरली आणि प्रत्येक बोळातून आरपार उजेड दिसला, तेव्हा थांबलो.

आतल्या बाजूचं काम कमी, पण महत्त्वाचं. कार्बन लाकडाने खरवडला. ज्वलनकक्षाच्या काठावर आणि प्लगच्या भोकाच्या तोंडाशी ज्या धारदार कडा होत्या, त्या बारीक पॉलिश पेपरने मोडल्या. पातळ कड आधी लाल होते, आणि बंद केल्यावरचे ते ठोके बहुतेक तिच्याच कृपेने पडत होते. आरसा होईपर्यंत घासत बसायची गरज नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कार्बन तिथे परत बसणारच आहे.

हेडच्या बसायच्या चेहऱ्यावर एका ठिकाणी काळी रेघ होती, म्हणजे तिथून जळता वायू थोडा बाहेर येत होता. अशी गळती हेडला बाहेरूनही भाजते. काचेच्या दुकानातून जाड काचेचा तुकडा आणला, त्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला, हेडच्या चेहऱ्यावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि मराठी आठच्या आकड्यात नाही, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासलं. जिथल्या रेघा पुसल्या जात नाहीत, तिथे खड्डा. सगळ्या पुसल्या गेल्या की थांबायचं आणि शेवटी ६०० नंबर. जास्त घासलं तर हेड खाली बसतं, कॉम्प्रेशन वाढतं, आणि गार करायला निघालेला माणूस इंजिन आणखी तापवून बसतो. पिस्टन आणि हेडच्या काठात किती जागा उरली ते सोल्डरची तार प्लगच्या भोकातून काठापर्यंत घालून, किक हाताने हळू दाबून मोजता येतं. तार चपटी होते, तिची जाडी व्हर्नियरने बघायची.

नट परत आवळताना तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पहिल्यांदा तापवून, रात्रभर गार होऊ देऊन, दुसऱ्या दिवशी परत तपासायचे.

प्लगबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. 'थंड' प्लग लावला की इंजिन थंड होतं, असं नाही. थंड प्लग स्वतःच्या टोकाची उष्णता हेडला लवकर देतो, एवढंच. टोक लाल होत असेल तर त्याचा उपयोग, हेड तापत असेल तर नाही. आणि नंबरांचा घोळ वेगळाच. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. दुकानात "एक नंबर वरचा द्या" म्हणून चालत नाही.

मोजण्यासाठी प्लगच्या वॉशरच्या जागी बसणारी तांब्याची रिंग आणि तिला जोडलेला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) वापरला, मीटर हँडलला टेपने बांधला. इन्फ्रारेड गन पण मिळते, मात्र चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते. ती वापरायचीच असेल तर हेडवर मॅट काळ्या रंगाचा टिपका द्या आणि त्यावर नेम धरा. घाटात वरच्या वळणांवर आधी मीटर दोनशे अंशांच्या पुढे जायचा, आता १७५ ते १८० मध्ये रेंगाळतो. ठणठण गेली. बंद केल्यावर लगेच गप्प.

काही गोष्टी केल्या नाहीत आणि करू नयेत. एकाने फिन्सना भोकं पाडायला सांगितलं, "हवा आरपार जाते." भोकाने फिनमधली उष्णतेची वाट तुटते, पृष्ठभाग वाढल्याचा फायदा त्यापुढे किरकोळ. जादा फिन्स वेल्ड करणंही घरच्या माणसाचं काम नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने हेड वाकतं आणि धातू मऊ पडतो. चांदीचा रंग जाड थराने मारणं म्हणजे हेडला स्वेटर घालणं. आणि घाटात थांबून तापलेल्या हेडवर बाटलीतलं पाणी ओतणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

कानशीशिवायचा एक उपाय मात्र फुकट आहे. पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून, इंजिन रडवत घाट चढवला, तर पेट्रोल भरपूर जळतं आणि पंखा मात्र हळू फिरतो. दुसऱ्यात टाका, इंजिन मोकळं फिरू द्या, वारा वाढतो. आवाज जास्त येतो म्हणून लोकांना वाटतं गाडीला त्रास होतोय. मीटर लावल्यावर उलट दिसतं. एसटीच्या मागे अडकलात तर हाच गिअर धरून ठेवा.

मेव्हण्याने आता त्याच्या जुन्या बुलेटचं हेड माझ्या ओट्यावर आणून ठेवलंय. तिथे पंखाच नाही, बॅरल बिडाचं आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे हिशोब वेगळा आहे. फिन्समधले पापुद्रे मात्र तिथेही आहेत, एक्झॉस्टच्या बाजूला तर चांगले जाड. तात्या बघून गेले. बारीक कानशींचा सेट त्यांनी स्वतःच मागून नेलाय.