मारुती ८००: डावं फेंडर, पत्र्यापासून बफपर्यंत

डावं पुढचं फेंडर (चाकावरचा पत्रा) गाडीवर परत चढलंय, बफिंग झालंय, वॅक्स बाकी आहे. रंग सिल्व्हर, म्हणजे मेटॅलिक, धातूचे बारीक कण असलेला. पांढरी ८०० असती तर निम्मी डोकेदुखी वाचली असती.

हे फेंडर वेल्ड केलेलं नसतं, १० मिमीच्या बोल्टांवर असतं. त्यामुळे खोलून स्टँडवर घेणंच बरं: कडा नीट रंगतात, मास्किंग वाचतं आणि खालच्या टोकाला आतून साठलेला चिखल दिसतो. गंज तिथूनच सुरू होतो.

जुना रंग कुठला आहे ते आधी तपासायचं. थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला किंवा थर मऊ पडला, तर मधे कुणीतरी एनसी लॅकर (थिनर उडून वाळणारा, थिनरमध्ये पुन्हा विरघळणारा रंग) मारलाय. त्यावर २के (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर गेला की थिनर तो थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. अशा ठिकाणी पत्र्यापर्यंत उतरण्याला पर्याय नाही. ८० नंबरच्या सँडपेपरने काढा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). ग्राइंडर एका जागी फिरवत राहिलात तर हा पातळ पत्रा तापून वाकडा होतो.

पोचा जमेल तितका मागून हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) वर काढा. पुट्टीचा थर २-३ मिमीच्या वर नको. पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर १८० ने घासून पुट्टी. एच (etch, ॲसिडवाल्या) प्रायमरवर मात्र पुट्टी लावू नका, त्यातल्या ॲसिडमुळे ती नीट धरत नाही. पुट्टीत हार्डनर तिच्या वजनाच्या २ ते ३ टक्के. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलं तर त्यातलं पेरॉक्साइड पुढे रंगातून डाग होऊन वर येतं, सिल्व्हरमध्ये तर हमखास. पुट्टी कोरडीच घासायची, ८०, १८०, मग ३२०. वॉटर पेपर वापरला की ती पाणी पिते आणि काही महिन्यांनी फोड येतात.

मग २के सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर), हार्डनरशी ४:१, स्प्रे गनच्या १.७ मिमी नोझलने तीन हात, दोन हातांच्या मधे १० मिनिटं थांबून. वाळल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारा आणि ४०० ने ब्लॉक धरून घासा. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खड्डा, जिथे लगेच पुट्टी उघडी पडते तिथे उंचवटा. शेवट ८०० ने, पाण्याखाली. मेटॅलिकखाली ४०० ची रेघ ठेवली तर ती उन्हात दिसतेच.

आता बेस, म्हणजे खरा रंगाचा थर. गाडीच्या रंग-कोडप्रमाणे मिसळलेला रंगही उन्हात फिकटलेल्या गाडीला तंतोतंत जुळत नाही, म्हणून आधी एका कार्डावर मारून ते दाराला लावून पाहा. शेड फक्त डब्यात नसते, हातातही असते: ओला हात दिला की कण खाली बसतात आणि सिल्व्हर गडद दिसतं, कोरडा दिला की फिकट. दोन मध्यम हात मारा, १.३ चं नोझल, १५-२० सेंमीवरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त चढवून. मग गन २५-३० सेंमीवर नेऊन एक हलका ड्रॉप कोट. ढगासारखे पट्टे मोडतात ते इथेच; तो चुकवला तर क्लिअरखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) ते कायमचे पुरले जातात. बेसवर पेपर फिरवायचा नाही. कचरा बसलाच तर तेवढाच हलका काढून पुन्हा बेस मारा.

क्लिअर हार्डनरशी २:१, दोन हात. पहिला मध्यम, दुसरा भरून. घाईने जाड थर दिला की आतलं थिनर अडकतं आणि वर टाचणीएवढी छिद्रं पडतात. पावसाळ्यात हे काम टाळलेलं बरं. करायचंच असेल तर पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडलेलं हवं. शेजारी कुणी डॅशबोर्ड पॉलिश उघडलं असेल तर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे येतील. त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन बसतं.

२के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास धोक्याची सूचना देत नाही आणि कापडी मास्कचा काही उपयोग नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर २के सरफेसर आणि क्लिअर दोन्ही बाहेर गॅरेजवाल्याकडून मारून घ्या, बाकी सगळं घरी करा.

पॉलिशआधी क्लिअर किमान दोन दिवस वाळू द्या. दोन हातांचं क्लिअर साधारण ५० मायक्रॉन, त्यामुळे ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) काढायला हातात फार काही नसतं. १५०० ने सपाट करा, पण वरचे चमकते खळगे सगळे जाईपर्यंत नव्हे; थोडे उरले तर उरू द्या. मग २००० आणि ३०००. कडा आणि चाकाच्या कमानीची घडी टेप लावून झाकाच, तिथे क्लिअर मुळातच पातळ असतं आणि लोकरीचा पॅड पहिला तिथेच जाळतो. रोटरी (गोल फिरणारं पॉलिश मशीन) १००० ते १५०० आरपीएमला, कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मटारच्या दाण्याएवढं, मग डीएवर (फिरता फिरता डोलणाऱ्या मशीनवर) मऊ फोम.

वॅक्स महिनाभर नको, क्लिअरमधून अजून थिनर बाहेर पडत असतं. तोवर फक्त पाणी आणि मायक्रोफायबर. दाराशी असलेली फट अजून वर ४ मिमी, खाली ५ मिमी आहे. ती खालच्या बोल्टखाली शिम (पातळ चकती) घालून जुळवायची बाकी.