आमची वाटचाल : आधी सीट, मग क्लच

आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. आधी शिकायला पुरुषच यायचे. आता सकाळच्या बॅचला अंगणवाडी सेविका, शिक्षिका, बचत गटातल्या ताई असतात. "बायांना गाडी जमत नाही" हे मात्र पारावर अजून ऐकू येतं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनंच केलाय. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, शंभरावर किलोमीटर. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं.

पुढे आडवं आलं ते इंजिन सुरू करायला हातानं फिरवायचं हँडल. इंजिन उलटा झटका द्यायचं आणि भल्याभल्यांचं मनगट मोडायचं. कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाडीत विजेचा स्टार्टर आला, तिथून ताकदीचा प्रश्न मिटत गेला.

आमच्याकडे घोळ निघाला सीटमध्ये. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. सीट मागे असली की क्लच अर्धवट दबतो, गिअर खरखरतो आणि बोल बाईला लागतो. पाठीमागे मऊ उशी नको. ब्रेक जोरात दाबताना ती चेपते, पाय पुन्हा अपुरा पडतो. कडक फोमची गादी घ्या. निऱ्या नीट खोचलेल्या, चप्पल मागून पट्ट्याची. स्लीपर पेडलखाली अडकते.

पहिल्या दिवशी अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. सपाट पटांगण, पहिला गिअर, टाच खाली टेकलेली. क्लच हळूहळू सोडा; आवाज दबला, गाडी थरथरली की पाय तिथंच धरा. गाडी आपोआप सरकते.

एक चूक शिकवणाऱ्यांचीही. त्यांच्या पायाशी दुसरा क्लच-ब्रेक असतो. ते घाईनं दाबतात, शिकणारीला वाटतं गाडी आपणच थांबवली. घरच्या गाडीत मग फजिती. शेवटचे पाच दिवस आमचे पाय मागे.

नियमानं कोर्स किमान २१ दिवसांचा, प्रत्यक्ष चालवणं १० तास. रोज अर्धा तास धरला की बसतं. लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं, पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर. जूनमध्ये काढलेलं लायसन्स पेरणी, निंदण, वेचणीत संपून जातं. आम्ही फेब्रुवारी सुचवतो. तोवर कापसाच्या बैलबंड्याही रस्त्यावर कमी झालेल्या असतात.