मधल्या ओळी तेवढ्या बरोबर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी घरी संस्कृतच्या शिकवण्या घेते आणि कोणी विचारलंच तर लॅटिनही शिकवते. ही मुलगी प्राचीन इतिहासाची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची रोमन काळातली छोटी ब्राँझमूर्ती टाउन हॉलच्या म्युझियममध्ये तिनं पाहिली आणि रोमन लोकांची भाषा शिकायचीच म्हणून आली.

क्रियापदांचा तक्ता माझा मी केलाय. धातू निळा, काळाची खूण केशरी, प्रत्यय लाल. 'अमाबामुस', म्हणजे आम्ही प्रेम करत होतो: 'अमा' निळं, 'बा' केशरी, 'मुस' लाल. सोबत जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याची सरकपट्टी. पट्टी ओढून खिडकीत 'बा'च्या जागी 'बि' आणला की 'अमाबिमुस', भविष्यकाळ. लाल 'मुस' जागचा हलत नाही. नुसतं घोकणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. पहिल्याच दिवशी मी बजावते, संस्कृत आठवा: अस्ति–एस्त, सन्ति–सुन्त.

यंदा पंचगंगेच्या पुरात तिच्या गावचा रस्ता पाण्याखाली गेला आणि तिचे तास बुडाले. मी तक्त्याचा फोटो पाठवला, तिनं त्यावरून पाठ केलं. परवा चाचणी घेतली. 3 क्रियापदं, वर्तमानकाळ, 18 रूपं. बरोबर आली फक्त 6.

"तक्त्यात बघूनच पाठ केलोय की मी, मॅडम," ती म्हणाली. डोळे भरले होते. (आमच्याकडं मुलीही 'मी केलो, मी जातो' म्हणतात, पुण्याकडचे हसतात. लॅटिनचा 'अमो', म्हणजे 'मी प्रेम करतो', तरी बाईचा-पुरुषाचा कुठं वेगळा आहे?)

रात्री पेपर पुन्हा काढला. 'मी ऐकतो'ला तिनं लिहिलं होतं 'आउदित', 'तो ऐकतो'ला 'आउदिओ'. 'आम्ही ऐकतो'ला 'आउदिउन्त', म्हणजे 'ते ऐकतात'. त्यातला दुसरा 'उ' भले भले विसरतात, तिनं तो बिनचूक घातला होता. बरोबर आलेली सहाही रूपं 'तू' आणि 'तुम्ही'ची. वरची ओळ खाली, खालची वर, मधली जागेवर.

मग तक्त्याकडं नजर गेली. 'अमो'च्या डाव्या बाजूला माझ्याच अक्षरात: प्रथम पुरुष.

मराठीत प्रथम पुरुष म्हणजे मी. संस्कृतात प्रथम पुरुष म्हणजे तो. 'मी' तिथं उत्तम पुरुष, सगळ्यात खाली. गर्दी नको म्हणून तक्त्यावर मराठी अर्थ मी लिहिले नव्हते, आणि संस्कृत आठवा असं मीच सांगितलं होतं. तिनं आठवलं. एकाच शाळेत, एकाच मुलाला आपण दोन्ही व्याकरणं शिकवतो आणि हा फरक नीट सांगायला कुणालाही सवड नसते. संस्कृत म्हणजे मार्क मिळवून देणारा विषय, रूपं पाठ झाली की संपलं.

सकाळी पुरुषांची नावं झाकून त्यावर कागद चिकटवले: मी, तू, तो. तिला बोलावून तीच चाचणी पुन्हा दिली. 18 पैकी 18. ती हसली, मला मात्र हसू आलं नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, संस्कृत उत्तम असलेला. चाचणीत असाच आपटला. "अभ्यास कमी पडतोय" म्हणून मी त्याला सुनावलं, तो परत आला नाही. त्याचा पेपर रद्दीत गेला. त्यातही मधल्याच ओळी बरोबर होत्या का, ते आता बघता येत नाही.